वजन रोज करा, पण त्या आकड्यावरून आजचं जेवण ठरवू नका

वजन उतरवायचं असेल तर आठवड्यातून एकदाच काट्यावर उभं राहा, असं जो तो सांगतो. मला ते पटत नाही. त्यातही सोमवारी तर नकोच.

नागपुरात फुटाळा तलावावर सकाळी आमच्यासोबत फिरायला येणाऱ्या एका वहिनींचं उदाहरण सांगते. आठवडाभर भाकरी, मोकळी डाळ, संध्याकाळी सातच्या आत जेवण, सगळं नेमाने केलं. रविवारी घरी पाहुणे आले, सावजी मटण झालं, भात झाला. सोमवारी काट्यावर एक किलो जास्त! "काही उपयोग नाही हो माझ्या मेहनतीचा," म्हणाल्या आणि मंगळवारपासून फिरायला येणंच बंद.

खरं म्हणजे एक किलो चरबी वाढायला अंदाजे ७,७०० कॅलरी जास्तीच्या खाव्या लागतात. एका जेवणात ते कोणाला जमणार? वाढलं ते पाणी. रश्शातलं मीठ पाणी धरून ठेवतं. भात-पोळीतून आलेली साखर शरीर ग्लायकोजेन म्हणून साठवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं. शिवाय पोटातलं अन्न आहेच. दोन-तीन दिवसांत हे आपोआप उतरतं. डाएटच्या पहिल्या आठवड्यात वजन झपाट्याने उतरतं, त्यातही मोठा वाटा पाण्याचाच असतो.

हे मला नीट कळलं ते बाबांमुळे. त्यांना हार्टचा त्रास आहे. डॉक्टरांनी रोज सकाळी वजन लिहायला सांगितलं. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दुधाच्या हिशोबाच्या खाली, तारखेच्या चौकोनात ते बारीक अक्षरात आकडा लिहितात. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले की डॉक्टरांना फोन करायचा, कारण तेव्हा अंगात पाणी साचत असतं. एकदा तसं झालं, पावलांवर सूज दिसत होती, औषध बदललं आणि आकडा खाली आला. त्या चौकोनांकडे बघता बघता लक्षात आलं की रोजचा आकडा मुख्यतः पाण्याचं सांगतो. चरबीचं कळायला काही आठवडे जावे लागतात. धडधाकट माणसाचंही वजन दिवसभरात किलो-दीड किलो सहज इकडेतिकडे होतं, आणि नीट डाएट करणाऱ्याचं आठवड्याला उतरतं अर्धा किलो. मग एका सोमवारच्या आकड्यात तो अर्धा किलो दिसणार कसा?

म्हणून माझं म्हणणं, रोज करा. सकाळी उठल्यावर, बाथरूमला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. काटा कडक फरशीवर, सतरंजीवर नाही. आकडा लिहा आणि विसरा. रविवारी सातही आकड्यांची बेरीज करून सातने भागा. ही सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून बघा, बस. बायकांनी तर पाळीच्या आधीच्या आठवड्याची तुलना मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी करावी, कारण त्या दिवसांत अंगात पाणी धरतं. आणि महिन्यातून एकदा टेपने कंबर मोजा. आपल्या भारतीयांसाठी पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा धरतात.

अमेरिकेत १९९४ पासून एक मोठी नोंद ठेवली जाते. किमान साडेतेरा किलो उतरवून ते वर्षभर टिकवलेल्या लोकांची. त्यातले साधारण ७५ टक्के लोक आठवड्यातून निदान एकदा तरी वजन करतात. काट्यामुळेच टिकलं असं यावरून म्हणता येत नाही, पण काटा लपवून ठेवणारे त्यात फारसे नाहीत एवढं दिसतं.

मात्र आकडा बघून ज्यांचा दिवस खराब जातो, जे जेवण टाळतात, खाऊन मुद्दाम उलटी करतात किंवा ज्यांना पूर्वी असा त्रास झालाय, त्यांनी रोज वजन करू नये. घरात वयात आलेली मुलगी असेल तर तिला काट्यावर उभं करून सगळ्यांसमोर आकडा वाचणं आधी बंद करा. तिच्या मनात ते किती खोल जातं हे आपल्याला दिसत नाही. खाण्याचा असा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं, काटा नंतर.

आता जे मला सगळ्यात जास्त खुपतं ते. शहरातल्या काही जिममध्ये 'वेट लॉस चॅलेंज' असतं. आठवड्याला सगळ्यांसमोर वजन, ज्याचं जास्त उतरलं त्याला बक्षीस. ओळखीतला एक मुलगा मे महिन्यात वजनाच्या आदल्या संध्याकाळपासून पाणी पीत नव्हता, वर जाड जॅकेट घालून ट्रेडमिलवर धावला. बापा, नागपूरचा मे आहे हा, पारा ४५ च्या घरात! एक लिटर घाम गेला की काटा एक किलो कमी दाखवणारच, त्यात चरबी कुठे गेली? त्याला चक्कर आली, सलाईन लागलं. जिम चालवणाऱ्यांना हात जोडून सांगते, उन्हाळ्यात तरी ही स्पर्धा घेऊ नका. घ्यायचीच असेल तर महिन्याच्या सरासरीवर घ्या आणि काट्याशेजारी पाण्याचा माठ ठेवा.