पंपिंग ६० टक्के, मग फुफ्फुसात पाणी कसं? त्या फॉरवर्डला उत्तर

महिन्याभरात हा मेसेज मला चार ग्रुपवर आलाय, त्यातला एक घरचाच आणि टाकणारे आमचे मोठे मामा, म्हणून शेवटी लिहायला घेतलं. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: टू-डी इकोत पंपिंग ६० टक्के आलं म्हणजे हार्ट ठणठणीत, तरी आयसीयूवाले 'हार्टमुळे फुफ्फुसात पाणी झालंय' म्हणत असतील तर ते खोटं बोलतायत. आधी सलाईन चढवतात, मग तेच पाणी काढायला लॅसिक्स देतात, व्हेंटिलेटर काढतात नि परत लावतात, सगळं बिल फुगवायला. आणि हार्ट सैल करायचं इंजेक्शन असतं पण ते मुद्दाम सांगत नाहीत. खाली हात जोडलेले पाच इमोजी.

मी आयसीयूतच काम करते. बिलाचा राग मला कळतो, कधीकधी तो बरोबरही असतो, त्यावर वेगळं भांडू. पण मेसेजमधलं हार्टचं ज्ञान चुकीचं आहे.

आधी ते ६० टक्के. ही टक्केवारी आहे, मापटं नाही. हार्टच्या डाव्या कप्प्यात १२० मिली रक्त भरलं आणि ७२ बाहेर गेलं तरी ६० टक्केच, आणि कप्पा कडक झाल्यामुळे ७० मिलीच भरलं आणि ४२ बाहेर गेलं तरी ६० टक्केच! रिपोर्टवर आकडा तोच, शरीराला मिळालेलं रक्त जवळपास निम्मं. वाळून कडक झालेली चामड्याची पखाल आठवा (आजोळी माळ्यावर एक होती), दाबली की पाणी येतं, पण मुळात आत पाणी घ्यायलाच ती तयार नसते.

आणि लोकांना वाटतं आकुंचन म्हणजे काम नि सैल होणं म्हणजे आराम. तसं नाहीये. प्रत्येक ठोक्यानंतर स्नायूच्या पेशीला आतलं कॅल्शियम परत कोठारात ओढून ठेवावं लागतं तेव्हा तो सैल पडतो, आणि त्याला एनर्जी लागते. सेप्सिसमध्ये, म्हणजे इन्फेक्शन अंगभर भिनून अवयव बिघडायला लागतात तेव्हा, हेच काम मंदावतं. त्यात पेशंटला वीस वर्षांचं बीपी, शुगर, वय सत्तरच्या पुढे, म्हणजे भिंत आधीच जाड. घरी जिना चढणारी आजी आयसीयूत अचानक 'हार्टची पेशंट' होते ती अशी.

२००१ मध्ये एक अभ्यास छापून आला, बीपी खूप वाढून फुफ्फुसात पाणी झालेल्या ३८ जणांचा. पाणी झालेलं असतानाच इको केला, मग एक ते तीन दिवसांनी बरं वाटल्यावर परत. पंपिंग दोन्ही वेळी सरासरी ५० टक्के, म्हणजे जसंच्या तसं! आकडा हललाच नाही आणि पेशंट मात्र गुदमरत आला होता.

आता सलाईन आणि लॅसिक्स. इन्फेक्शनने बीपी पडलेल्या पेशंटला पहिल्या तीन तासांत किलोमागे ३० मिली, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १८०० मिली, हा जगभर चालणारा हिशोब आहे. तेव्हा रक्तवाहिन्या सैल पडून गळत असतात, पाणी नाही दिलं तर किडनी बसते. पण तिसऱ्या दिवशी तेच गळालेलं पाणी परत रक्तात यायला लागतं आणि कडक कप्प्यात थोडं जास्त आलं तरी प्रेशर भसकन चढतं, मागे फुफ्फुसात तुंबतं. मग लॅसिक्स. पहिल्या दिवशीचं औषध तिसऱ्या दिवशी उलटं वागतं, यात लबाडी कसली? हां, सलाईन गरजेपेक्षा जास्त जातं असंही होतं, ते नाकारत नाही. म्हणून तर आधी पाय वर उचलून बघतो, पायातलं साधारण ३०० मिली रक्त हार्टकडे येतं, फायदा दिसला तर द्यायचं, नाहीतर पाय खाली, उसनं परत. शिवाय पल्स १३० असेल तर एका ठोक्याला अर्धा सेकंदही मिळत नाही आणि त्यात कात्री लागते ती भरण्याच्या वेळेलाच.

व्हेंटिलेटर काढून परत लावण्याचं तर मी रोज बघते. मशीनचा सपोर्ट काढला, पेशंट छान, हाताने खूण करून चहा मागतोय. विसाव्या मिनिटाला कपाळावर घाम, बीपी १९०, हात बेडच्या कठड्याला घट्ट. मशीन छातीत हवा ढकलत असतं तोवर हार्टकडे येणारं रक्त थोडं अडून राहतं, स्वतः श्वास ओढायला लागलं की ते एकदम आत येतं आणि कडक हार्टला झेपत नाही. पॅरिसजवळच्या डॉक्टरांनी १९८८ मध्येच हे १५ पेशंटमध्ये मोजून दाखवलं, मशीन काढल्यावर फुफ्फुसाच्या बाजूचं प्रेशर ८ वरून २५ वर. मग आठवडाभर पाणी काढलं आणि त्यातल्या ९ जणांचं व्हेंटिलेटर सुटलं. म्हणजे मेसेज ज्या लॅसिक्सला शिव्या घालतोय त्यानेच मशीनचे दिवस कमी झाले.

राहिलं ते लपवलेलं इंजेक्शन. लेव्होसिमेंडन नावाचं औषध आहे, त्याने हार्ट सैलही पडेल अशी आशा होती. ब्रिटनमध्ये सेप्सिसच्या ५१६ पेशंटवर करून बघितलं, २०१६ मध्ये निकाल आला: फायदा नाही, उलट व्हेंटिलेटर सुटायला जास्त अडचण. लपवण्यासारखं काही नाहीच. इन्फेक्शन आटोक्यात आणायचं, बीपी, पल्स आणि ठोक्यांची लय सांभाळायची, पाणी मोजून द्यायचं, एवढंच हातात आहे.

म्हणून नातेवाईकांनी 'पंपिंग किती' एवढंच विचारून थांबू नका. काल पाणी किती गेलं, लघवी किती झाली, भरतानाचं प्रेशर वाढलंय का, हे विचारा.

हे ग्रुपवर टाकल्यावर मामांचा लगेच फोन, मामींच्या रिपोर्टवर 'ग्रेड १ डायस्टॉलिक डिसफंक्शन' (म्हणजे हार्ट सैल पडण्यात पहिल्या पायरीचा बिघाड) लिहिलंय, आता ॲडमिट करू का? नाही हो मामा! त्या वयात निम्म्या बिल्डिंगच्या रिपोर्टवर ते सापडेल. धाप नाही, पायाला सूज नाही, तर घाबरायचं काही नाही. बीपीची गोळी चुकवू देऊ नका आणि रिपोर्टचा फोटो पाठवा, पूर्ण पानाचा, नुसत्या शेवटच्या ओळीचा नको.