गव्हाळ म्हणजे नक्की किती?

घोडबंदर रोडवरच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर एकच दळण चालू आहे. वर्णभेद हे गोऱ्यांचं खूळ, आपल्याकडे कुठलं आलंय? पुरावा काय, तर आपला विठोबाच सावळा. विठोबाला स्थळं बघायची नसतात हो! त्याच ग्रुपवर बायोडाटे फिरतात आणि त्यात 'वर्ण' हा रकाना असतो. सावळी मुलगी तिथे 'गव्हाळ' होते आणि मंडळी बघून गेली की 'रंगाने जरा डावी'.

मी लंडनला असते/असतो; इथे ब्रिटनच्या २०१०च्या समानता कायद्यात 'वंश' शब्दाच्या व्याख्येत पहिलाच रंग येतो. आपल्या घटनेच्या कलम १५मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान आहे. रंग नाही.

२०२०मध्ये क्रीमच्या नावातलं 'फेअर' जाऊन 'ग्लो' आलं आणि ग्रुपवाल्यांच्या लेखी विषय संपला. खरी गडबड तिकडच्या केमिस्टकडे आहे. रंग फिका करणारं हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोनसारखं स्टेरॉइड यांचं मिश्र मलम म्हणजे वांगावर डॉक्टरांनी मोजके आठवडे द्यायचं औषध. अशी स्टेरॉइडची मलमं २०१८पासून शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत आहेत, ट्यूबवर लाल रेघ असते. तरी 'ते गोरं करणारं द्या' म्हटलं की चिठ्ठीशिवाय हातात पडतं. सुरुवातीला चेहरा उजळतो. मग कातडी पातळ होते, लाली, पुटकुळ्या, लव. लावणं थांबवलं की आग होते, म्हणून पुन्हा लावायचं; माणूस अडकतो तो इथे. स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये, ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं. उत्पादकाचा पत्ता आणि बॅच नंबर नसलेली डबी तर घेऊच नये. तिच्यात पारा असू शकतो आणि तो मूत्रपिंडावर जातो. लघवीला फेस, पायांना सूज.

इथे लंडनला सौंदर्यप्रसाधनांत हायड्रोक्विनोनला बंदी आहे, ट्रेडिंग स्टँडर्ड्सवाले, म्हणजे कौन्सिलचे बाजार-तपासनीस, माल जप्त करतात, हे ऐटीत सांगायला बरं वाटतं. पण जप्ती येते ती पेकहॅमसारख्या भागातल्या दुकानांवर, आणि तिथलं गिऱ्हाईक काही गोरं नसतं. ऑफिसात मॅनेजर रंगावरून वाईट वागला तर दाद मागायला ट्रिब्युनल आहे. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कुणी 'सून छान उजळ मिळाली हं' म्हणालं तर कुठे जायचं? इथल्या फॉर्मवर आम्ही सगळे 'एशियन - इंडियन'च्या एकाच चौकटीत खूण करतो आणि घरी येऊन निमगोरा की गव्हाळ याचा हिशेब मांडतो.

'वर्ण' हा रकाना काढून टाका, असं इथून ग्रुपवर लिहिलं की ठाण्याहून लगेच उत्तर येतं, "अहो, तुमच्या लंडनच्या स्थळानेच विचारलंय."