काम फुकट, जीएसटी वेगळा

बाणेरच्या काचेच्या इमारतीत तुमची क्रिएटिव्ह एजन्सी आहे. बिल्डरांच्या टाउनशिपसाठी 'निसर्गाच्या कुशीत' लिहून लिहून तुमची बोटं झिजली आहेत आणि यंदा एकही ॲवॉर्ड पदरात पडलेलं नाही. घाबरू नका. मुळशीकडे वीटभट्टी कामगारांच्या मुलांचं वसतिगृह चालवणाऱ्या एखाद्या ताई तुम्हाला नक्की सापडतील. वसतिगृहाचं छत गळत असेल तर फारच उत्तम. त्यांना निधी हवा असतो, तुम्हाला ॲवॉर्डला पाठवायची केस फिल्म. पत्रिका जुळली.

पहिल्याच मीटिंगला सांगून टाका, "ताई, आम्ही एक रुपयाही घेणार नाही." वाक्य सावकाश म्हणा आणि नंतर जरा गप्प बसा. ताईंचे डोळे भरून आले की चहा मागवा. फी शून्यच ठेवायची, त्यात फसवाफसवी नको. हॉल, साउंड, एलईडी वॉल, छपाई, फोटोग्राफर हे सगळं 'ॲक्चुअल्स'मध्ये, म्हणजे संस्थेनं भरायच्या प्रत्यक्ष खर्चात जातं आणि त्यावर 18 टक्के जीएसटी लागतो. मात्र ॲक्चुअल्स हा शब्द चौथ्या मीटिंगच्या आधी तोंडातून काढू नका. तोवर निमंत्रणपत्रिका छापून झालेल्या असतात.

ताई म्हणतील, टिळक स्मारक मंदिरात कार्यक्रम करू, मुलं गाणी म्हणतील, मध्यंतरात बटाटेवडा ठेवू. मान डोलवा. मग हळूच म्हणा, "टिळक रोडला पार्किंगचं काय?" या प्रश्नाला पुण्यात आजवर कुणालाही उत्तर देता आलेलं नाही. कार्यक्रम कोरेगाव पार्काकडच्या हॉटेलात जातो.

प्रत्येक संस्थेत एक विश्वस्त आजोबा असतात. त्यांना बोलू द्या. ते सांगतील की अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा मागून पैसा फंड उभा केला आणि त्यातून 1908 साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. अण्णासाहेब कर्वे फर्ग्युसनमध्ये शिकवून संध्याकाळी चिखल तुडवत हिंगण्याच्या आश्रमात चालत जायचे, हेही सांगतील. सगळं मन लावून लिहून घ्या. पैसा फंडाची क्राउडफंडिंगची स्लाइड होते आणि कर्व्यांची वॉकथॉन. परतताना कर्वे रोडला मेट्रोखाली तीन सिग्नल अडकाल, तेवढ्यात ज्युनिअरला फोन करून डेक करायला सांगा.

मग सीएसआरवाले, म्हणजे कंपन्यांचा समाजकार्याचा पैसा वाटणारे. कंपनी कायदा 2013, कलम 135, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के, हे तुम्हाला पाठ हवं. त्यांना पाठ असतंच, पण त्यांचा पहिला प्रश्न लोगोच्या मापाचा असतो. गंमत अशी की मार्केटिंगच्या फायद्यासाठी दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरायचं नाही, असं 2021 च्या नियमांत सरळ लिहिलं आहे. म्हणून लोगोला लोगो म्हणायचं नाही, 'कृतज्ञता' म्हणायचं. स्टेजवर आठ फुटांची कृतज्ञता लावायची.

आता खरी कसोटी. लिलावासाठी मुलांनी काढलेलं चित्र पाहिजे. (कुठल्याही निधी संकलनात मुलाच्या चित्राचा लिलाव असतो. का असतो, कुणाला ठाऊक नाही.) वसतिगृहातून पाकीट येतं, आर्ट डिरेक्टर उघडतो आणि आत निघतो जेसीबी. सहावीतल्या पोरानं काढलेला. पिवळा खडू संपला असावा, कारण मागचा अर्धा भाग नारिंगी आहे. पण बकेटचे दात मोजून पाच, आर्मवरून गेलेले हायड्रॉलिकचे काळे पाइप, जमिनीत रोवलेले मागचे दोन पाय, एमएच 12 ची नंबर प्लेट. भट्टीवर माती उकरायला येणारं यंत्र त्या पोरानं तासन् तास बघितलंय, हे पाहताक्षणी कळतं. चित्र अप्रतिम आहे आणि नेमकी हीच अडचण आहे. जेसीबी बघून कुणाचा गळा दाटून येत नाही.

तेव्हा आर्ट डिरेक्टरला डाव्या हातात खडू द्या. दोन डोंगर, मधे सूर्य, एक नदी, एक झोपडी, झोपडीपेक्षा उंच आई. रेषा फार सरळ आल्या तर डोळे मिटून काढायला सांगा. खाली पोराचं नाव टाका, त्यातलं एक अक्षर उलटं. लिलावात हे चित्र हमखास वरच्या बोलीला जातं. फक्त पोराला स्टेजवर बोलावताना माइक त्याच्या हाती लागू देऊ नका. आमच्याकडे एकदा लागला होता. कंपनीचे एमडी चित्र हातात धरून फोटोला उभे होते आणि पोरगं म्हणालं, "हे मी नाही काढलं. माझं जेसीबी होतं." सूत्रसंचालिकेनं तत्काळ टाळ्या मागितल्या म्हणून निभावलं. एमडींना तर ते फारच गोड वाटलं.

दुसरा धोका म्हणजे संस्थेच्या हिशोबाच्या काकू. त्या कार्बनचं पावतीबुक आणि दोन पेनं घेऊन दारातच टेबल मांडतात. कुणी नोटांची गड्डी काढली की खणखणीत आवाजात सांगतात, "दोन हजारांच्या वर रोख दिलेत तर 80जीची करसवलत मिळणार नाही हो. आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर चेकनं दिलेत तरी नाही." समोरचा गृहस्थ थबकतो, पाकीट खिशात सरकवतो आणि स्टार्टर्सकडे वळतो. एवढं खरं बोलणारं माणूस फंडरेझिंगला चालत नाही. काकूंना जेवणाची कुपनं मोजायला आतल्या खोलीत बसवा.

शेवटी सनबोर्डचा चेक. सहा फुटी करा, रक्कम लांबून वाचता आली पाहिजे. तो रिक्षात बसत नाही, ओलाच्या डिकीत मावत नाही, त्यामुळे कार्यक्रमानंतर हॉटेलच्या जिन्याखालीच राहतो. खरा चेक तिमाही संपल्यावर येतो.

पुढच्या आठवड्यात हिशोब द्या. जमा एवढी, ॲक्चुअल्स एवढे, जीएसटी एवढा. खाली जो आकडा उरेल त्यात वसतिगृहाच्या निम्म्या छताचे पत्रे येतात. ताई कागद दोनदा वाचतील. भांडणार नाहीत, ती माणसं भांडत नाहीत. एवढंच विचारतील, "तो दारातला मोठा फ्लेक्स तुम्हाला लागणार आहे का? उरलेल्या छतावर टाकला असता. पाऊस तोंडावर आलाय."

लगेच हो म्हणा, टेम्पोचं भाडंही एजन्सीतर्फे द्या. वीस बाय दहाचा फ्लेक्स आहे, 'एक छत, अनंत स्वप्नं' ही तुमचीच ओळ आहे त्यावर. फक्त छपाईची बाजू वर ठेवायला सांगा. केस फिल्मसाठी ड्रोन पाठवायचा आहे.