पंगतीतले हसू : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय भाऊ,

सप्रेम नमस्कार.

विमानप्रवास, पुढारी आणि जातवर्ण यांतल्या विनोदावर मी जो लेख लिहिला, त्यावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत. आपले म्हणणे असे की, जिथे बहुसंख्य लोकांनी विमान फक्त डोक्यावरून जाताना पाहिले आहे, तिथे विमानातल्या गमती सांगणे म्हणजे गरिबाच्या अडाणीपणाला हसणे आहे. पुढाऱ्यावर विनोद केला की लोकांचा राग हसण्यावारी जातो आणि पुढारी मोकळा सुटतो. आणि जातीवर किंवा वर्णावर विनोद सांगण्याचा अधिकार, ज्याने चटके सोसले नाहीत त्याला मुळीच नाही. शेवटी आपण विचारले आहे, ‘ज्या विदर्भात खैरलांजी घडली, तिथे बसून तुम्हाला जातीवर हसू येते तरी कसे?’ २००६ साली खैरलांजी गावात एका दलित कुटुंबातल्या चौघांची जमावाने हत्या केली, त्याची आठवण देणारा हा प्रश्न वाचल्यावर दोन ओळींत आभार मानून मोकळे होणे मला पटले नाही.

आधी विमानाचे पाहू. लेखात मी माझ्या सासूबाईंचा प्रसंग सांगितला होता. त्या पहिल्यांदा विमानाने निघाल्या तेव्हा तपासणीत त्यांच्या बटव्यातला अडकित्ता निघाला. तरुण जवानाने तो हातात घेऊन ‘हे आत नेता येणार नाही’ असे सांगितले, तेव्हा सासूबाई त्याला म्हणाल्या, “अरे बापू, ह्याच्यानं सुपारी धड कापल्या जात नाही, अन् इमान कापल्या जाईन काय?” जवान हसला, शेजारच्या रांगेतले लोक हसले, पण नियम तो नियम. अडकित्ता त्यांच्या आईचा होता. तो टोपलीत टाकला जाणार हे कळल्यावर त्यांचा चेहरा उतरला. मग त्याच जवानाने मला बाहेर जाऊ दिले आणि सोडायला आलेल्या गाडीवाल्याच्या हाती मी तो घरी पाठवला. आपण लिहिता की मी एका वृद्ध स्त्रीला हास्यास्पद केले. भाऊ, मला तर त्या प्रसंगात सर्वांत शहाणे बोलणे त्यांचेच वाटले. पन्नास वर्षे ज्या वस्तूने सुपारी कातरली, तिची धार किती हे त्यांना ठाऊक होते आणि नियमाला ते ठाऊक नव्हते. हसू आले ते त्या दोहोंच्या गाठीतून. हा किस्सा त्या स्वतः हळदीकुंकवाला रंगवून सांगतात, आणि माझा लेख मी त्यांना वाचून दाखवला तेव्हा त्यांनी त्यात एक दुरुस्तीही करायला लावली.

विमान आपल्यापासून फार दूर राहिले आहे, असेही आता म्हणता येत नाही. १६ एप्रिल २०२५ रोजी बेलोऱ्याहून अमरावती-मुंबई विमानसेवा सुरू झाली. आपल्यापैकी बहुतेकांचा प्रवास अजूनही एसटीने आणि रेल्वेच्या साध्या डब्यातूनच होतो हे मला मान्य आहे. पण लेकाच्या नोकरीमुळे किंवा दवाखान्याच्या कामामुळे ज्याला आयुष्यात एकदा विमानात बसावे लागते, असा माणूस आता दर गावात निघतो. तो घाबरतो, गोंधळतो, पट्टा कसा लावायचा हे शेजाऱ्याला विचारतो आणि घरी येऊन ते सगळे हसत सांगतो. ही त्याची स्वतःची गोष्ट आहे. ती लिहू नये, असे म्हटले तर विमानप्रवासावर लिहिण्याचा हक्क फक्त रोज विमानाने हिंडणाऱ्यांकडेच राहील.

आता पुढाऱ्यांविषयी. विनोदाने राग विरतो हे आपले म्हणणे मला आपल्याच मुलखातल्या अनुभवाशी जुळत नाही. आपण पोळ्याच्या झडत्या, म्हणजे बैलांच्या सणाला गावासमोर म्हटली जाणारी चिमटे काढणारी पद्ये, लहानपणापासून ऐकली असतील. तोरणाखाली बैल ओळीने उभे असतात, मानाची जोडी पुढे असते, आणि कोणीतरी आवाज चढवून झडती म्हणतो. तिच्यात सावकार येतो, कापसाचा भाव येतो, सोसायटीचा सचिव येतो, आमदार येतो, आणि शेवटी ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव’ म्हणून सगळा गाव तिला साथ देतो. ज्याच्यावर झडती असते तो बहुधा तिथेच, तोरणापासून चार हातांवर उभा असतो. त्याला ती ऐकून घ्यावी लागते, आणि जमत असेल तर उलट झडती म्हणून उत्तर देण्याची मुभाही असते.

२००६ च्या जुलैत पंतप्रधानांनी पश्चिम विदर्भातल्या पाच आणि वर्धा मिळून सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. व्याजमाफी, कर्जाचे पुनर्गठन, सिंचन अशी त्याची कलमे होती, आणि शेतकऱ्याला जोडधंदा मिळावा म्हणून दुधाळ गायी देण्याचाही कार्यक्रम त्या काळात राबवला गेला. ज्या घरी माणसांनाच पुरेसे नव्हते, तिथे रोज ढेप आणि हिरवा चारा मागणारी संकरित गाय दावणीला आली. कोरडवाहू गावात हिरवा चारा उन्हाळ्यात कुठून आणायचा, याचा विचार त्या कार्यक्रमात झाला नव्हता. आमच्या गावच्या पोळ्यात त्या गायीवर झडती आली तेव्हा पंचायत समितीचे पदाधिकारी समोर बसलेले होते. आज गावात कोणालाही त्या पॅकेजची कलमे विचारा, सांगता येणार नाहीत. गाय मात्र सगळ्यांच्या लक्षात आहे. विनोदाने इथे राग विझवला नाही, उलट तो ज्या मुद्द्यावर होता तो मुद्दा जपून ठेवला. अर्ज, निवेदने आणि मोर्चे यांची जागा झडती घेत नाही, आणि तसा दावा मी लेखात कुठेही केलेला नाही.

आपल्या आक्षेपात तथ्य आहे ते दुसऱ्या ठिकाणी. पुढाऱ्याच्या बोलण्याची लकब, रंग, जाडी, आडनाव यांवरून फोनवर दिवसभर जे फिरते, त्याने पुढारी खरोखरच मोकळा सुटतो, कारण त्याच्या कारभाराला कोणी हातच लावत नाही. ते मी लिहीत नाही आणि पुढे पाठवतही नाही.

विनोद कोणाच्या तोंडी आणि कोणासमोर आहे यावर त्याचे काय होते, याचे एक उदाहरण आपल्याला आठवत असेल. २००९ च्या सप्टेंबरात सरकारी काटकसरीच्या दिवसांत परराष्ट्र राज्यमंत्री शशी थरूर यांनी ट्विटरवर विमानातल्या स्वस्त वर्गाला ‘कॅटल क्लास’ म्हटले. तो शब्द आधी एका पत्रकाराच्या प्रश्नात आला होता, आणि रोख प्रवाशांना गुरांसारखे कोंबणाऱ्या विमान कंपन्यांवर आहे, असा खुलासा त्यांनी केला. त्या शब्दाचा इंग्रजीतला वापर पाहता खुलासा खरा होता. तरीही लोक दुखावले, त्यांना क्षमा मागावी लागली, आणि मला त्यात काही अन्याय वाटत नाही. बोलणारा मंत्री होता आणि ज्यांच्याविषयी ते बोलणे झाले ते मागच्या रांगेत गुडघे आखडून बसणारे लोक त्याच्या समोर नव्हते. पोळ्यात जे होते ते इथे उलटे झाले. हेच शब्द त्या मागच्या आसनावरच्या प्रवाशाने मंत्र्याला ऐकवले असते तर सगळ्या विमानाने त्याला दाद दिली असती.

आता ज्या प्रसंगाने आपण सर्वाधिक व्यथित झालात त्याकडे येते. लेखातला तो भाग इथे पुन्हा थोडक्यात सांगते. माझा पुतण्या आणि आमच्याच गावच्या बौद्ध वस्तीतला एक तरुण, दोघे अमेरिकेत शिकायला निघाले होते. तिकडच्या विमानतळावर रांगेतले गोरे प्रवासी पुढे गेले आणि या दोघांना बाजूला घेऊन, जोडे-मोजे काढायला लावून, भिंतीशी शेजारी शेजारी उभे केले. आमचे घर पाटलांचे. गावात आमची विहीर वेगळी होती आणि त्या तरुणाच्या आजोबांना तिच्यावर पाणी भरता येत नव्हते. अनवाणी उभा असताना तो तरुण माझ्या पुतण्याला म्हणाला, “पाटील, इतं त आपली पंगत एकच बसली.” पुतण्या आधी चमकला, मग हसला, आणि तपासणी होईपर्यंत दोघांनाही हसू आवरेना. दिवाळीला घरी आल्यावर त्याने हे जेवताना सांगितले. मोठे भासरे, म्हणजे माझे थोरले दीर, काही बोलले नाहीत. ताटातला भात तसाच ठेवून उठले. जाऊबाई मात्र पदराआड हसल्या.

आपण विचारता, मला अधिकार कोणता? सोसणाऱ्याचा अधिकार मला नाही, आणि म्हणून ते वाक्य मी माझे म्हणून कुठेही वापरलेले नाही. ते त्या तरुणाचे आहे, त्याने ते माझ्या घरच्या मुलाला तोंडावर ऐकवले आहे, आणि लिहिण्यापूर्वी मी त्याला फोन करून विचारले आहे. माझा अधिकार एवढाच की, ज्या घरावर तो विनोद आहे ते घर माझे आहे. आमच्या विहिरीची गोष्ट आम्ही सांगायची नाही, ती फक्त ज्यांना पाणी नाकारले त्यांनीच सांगत राहायची, ही वाटणी मला न्यायाची वाटत नाही.

गाडगेबाबांचा जन्म आपल्या शेंडगावचा, परीट कुटुंबातला. त्यांच्या कीर्तनात प्रश्न बाबा विचारीत आणि उत्तर समोरच्या लोकांकडून वदवून घेत. माणसाच्या जाती किती, तर बाई आणि पुरुष या दोनच, हे त्यांनी शिवाशीव पाळणाऱ्या श्रोत्यांना समोर बसवून, हसवत हसवत कबूल करायला लावले. अमेरिकेत १९६१ साली डिक ग्रेगरी हा कृष्णवर्णीय विनोदवीर शिकागोच्या प्लेबॉय क्लबात उभा राहिला, तेव्हा समोर दक्षिणेकडचे गोरे व्यापारी बसलेले होते. वर्णभेदावरचे विनोद त्याने त्यांनाच ऐकवले, आणि ते ऐकत राहिले. पुढे १९६३ साली बर्मिंगहॅमच्या आंदोलनात तो तुरुंगातही गेला. विनोद आणि लढा यांतून एकच निवडावे लागते असे त्याच्या आयुष्यात दिसत नाही.

अमेरिकेच्या काळ्या-गोऱ्या वादाचा आपल्या खेड्याशी काय संबंध, असेही आपण ओघात लिहिले आहे. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्यांना. बाबासाहेबांनी १९४६ साली कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्यांची आणि तिथल्या कृष्णवर्णीयांची स्थिती किती सारखी आहे हे कळवले, आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तिचे नावही तिकडच्या ब्लॅक पँथरवरून आले. हा संबंध ज्यांनी जोडला ते आपले थोर लोक होते. त्या तरुणाने भिंतीशी उभे राहून तोच एका वाक्यात जोडला.

राहिली खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यात जे घडले, त्याच्या आसपासही माझ्या लेखणीला हसू सुचत नाही आणि सुचू नये. तिथे ज्यांनी उत्तर द्यायचे तीच माणसे मारली गेली. ज्याला उत्तर देता येत नाही, त्याच्याविषयी विनोद करणे हा माझ्या लेखी गुन्हा आहे, मग तो मारला गेलेला असो, घाबरून गप्प बसलेला असो, की पंगतीबाहेर अजूनही उभा असलेला असो. माझ्या लेखातला तरुण गप्प बसणारा नव्हता, आणि त्याने निवडलेले शब्द मी खैरलांजीच्या नावाने झाकून ठेवले, तर त्याचे बोलणे पुन्हा मीच थांबवल्यासारखे होईल.

तो भाग काढून टाकावा ही आपली मागणी म्हणून मी मान्य करत नाही. आपली प्रतिक्रिया मात्र एक शब्दही न गाळता लेखाखाली ठेवली आहे आणि त्या तरुणाला पाठवली आहे. माझ्या पुतण्यालाही दिली आहे, आणि पुढच्या महिन्यात भासरे घरी येतील तेव्हा त्यांनाही वाचायला देणार आहे. त्या तरुणाने ‘काढा’ म्हटले तर त्याच दिवशी काढीन. त्याने आपल्याला उत्तर लिहिले तर ते त्याच्याच शब्दांत आपल्या प्रतिक्रियेखाली छापीन.

आपली नम्र.