युद्धात कुदळी थांबल्या होत्या?

नाशिकच्या वारसाप्रेमींमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: दुसऱ्या महायुद्धात भारतातलं उत्खनन ठप्प होतं, म्हणूनच आपल्या गोदाकाठच्या मातीच्या गढीला, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाला, 1950 उजाडेपर्यंत कुणी हात लावला नाही, युरोपात मात्र बॉम्बनीच जमीन उकरून दिली आणि पुरातत्त्वाची चांदी झाली.

ठप्प? बरेलीकडच्या अहिच्छत्र इथे 1940 ते 44 काम चालू होतं. काळ्या रेषांची नक्षी असलेल्या राखाडी भांड्यांची ओळख तिथेच पटली. 1944 मध्ये तर मॉर्टिमर व्हीलर हे तोफखान्याचे ब्रिगेडियर थेट आपल्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होऊन आले. त्याच वर्षी त्यांनी तक्षशिलेला तरुणांना मातीचे थर वाचायला शिकवलं आणि 1945 मध्ये पुदुच्चेरीजवळ अरिकमेडू खणलं. तिथे इटलीत घडलेल्या लाल, तुकतुकीत बशांचे तुकडे निघाले; काहींवर कुंभाराचा शिक्काही होता. या बशा कधीच्या हे युरोपात ठाऊक होतं. त्यामुळे त्याच थरातल्या आपल्या देशी खापरांनाही इसवी सनाच्या पहिल्या शतकाची तारीख मिळाली. एवढं काम बंद पडलेल्या खात्याकडून कसं झालं, हे मेसेजवाल्यानेच सांगावं.

आता गढी. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी ती 1950-51 मध्ये खणली, नगर जिल्ह्यातल्या जोर्व्याच्या बरोबरीने. हे खरंच. पण डेक्कन कॉलेजमधले हेच सांकळिया 1941 पासून गुजरातेत फिरत होते, लांघणजला अश्मयुगीन माणसांचे सांगाडे काढत होते. युद्धाने हात बांधले असते तर तेही झालं नसतं. नाशिकचा नंबर उशिरा लागला म्हणून खापर युद्धावर फोडायचं कारण नाही.

बॉम्बचं म्हणाल, तर बॉम्ब थर उलगडत नाही, उद्ध्वस्त करतो. लंडनच्या बॉम्बने पडलेल्या जागा ग्राइम्ससारख्या पुरातत्त्वज्ञांनी नंतर हाताने खणल्या. मिथ्र देवाचं रोमन मंदिर सापडलं ते 1954 मध्ये. इंग्लंडातल्या सटन हू इथल्या जहाज-दफनाचं, म्हणजे जहाजासकट पुरलेल्या थडग्याचं, खोदकाम 1939 मध्ये युद्धाच्या तोंडावर कसंबसं उरकलं. सोनंनाणं लंडनच्या भुयारी रेल्वेच्या बोगद्यात सुरक्षित राहिलं, पण जहाजाचा मातीतला ठसा लष्करी गाड्यांखाली खराब झाला. याला चांदी म्हणायची?

मेसेजात फ्रान्समधल्या लास्को या आदिमानवाच्या चित्रांच्या गुहेचं नावही घुसडलंय. ती गुहा सप्टेंबर 1940 मध्ये चार पोरांना सापडली. बॉम्बचा तिच्याशी काडीचा संबंध नाही.