जाताना की येताना?

‘मुंबई ते टोकियो विमानाला किती तास लागतात?’ या प्रश्नावर मी उलट विचारतो, जाताना की येताना? लोकांना वाटतं, हा भाव खातोय. विमान तेच, रस्ता तोच, मग तास वेगळे कसे?

समजा, तिकिटावर लिहिलंय: मुंबईहून रात्री ८ ला सुटणार, टोकियोला सकाळी ७:३० ला पोचणार. लगेच बोटांवर हिशेब होतो. साडेअकरा तास! परतीचं विमान सकाळी ११ ला सुटून संध्याकाळी ५:३० ला मुंबईत. साडेसहा! ‘येताना उतार लागत असेल,’ असं म्हणून विषय मिटतो.

खरं सगळं उलटं आहे. जपानचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास. म्हणून जाताना साडेतीन वजा करायचे, उरतात आठ. येताना मिळवायचे, होतात दहा. उतार आहेच, पण तो जाताना.

हा उतार वाऱ्याचा. साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेटस्ट्रीम वाहतो, आणि हिवाळ्यात जपानच्या डोक्यावर त्याला नुसता ऊत येतो. ताशी २०० किलोमीटर म्हणजे तिथे किरकोळ. हवेतून ९०० च्या वेगाने जाणारं विमान जमिनीच्या हिशेबाने जाताना ११०० ने पळतं, येताना ७०० वर येतं. समोरच्या पडद्यावर आकडा बघत बसा. जपानच्या उन्हाळ्यात हा वारा मंदावतो आणि उत्तरेला सरकतो. त्यामुळे जानेवारीत परतलेला आणि ऑगस्टमध्ये परतलेला, दोघं तासांवरून भांडले तरी दोघंही खरेच असतात. या वाऱ्याची मोजणी वासाबुरो ओइशी या जपानी हवामानतज्ज्ञाने फुगे सोडून केली आणि जगाला कळावं म्हणून १९२६ साली ती एस्पेरांतो या जगासाठी मुद्दाम बनवलेल्या भाषेत छापली. जगाला अर्थातच कळलं नाही.

आता अंतर. सरळ मोजलं तर पावणेसात हजार किलोमीटर. पृथ्वी गोल असल्यामुळे ही ‘सरळ’ रेघ नकाशावर उत्तरेला फुगते आणि तिबेटच्या पठारावर चढते. विमानाला ते परवडत नाही. केबिनमधला हवेचा दाब गेला, तर श्वास घेता येईल अशा तीनेक हजार मीटरपर्यंत झटपट उतरावं लागतं. मुखवट्यातला प्राणवायू पाव तासाच्या आसपासच पुरतो. पठारच सरासरी साडेचार हजार मीटर उंच, मग उतरणार कुठे? म्हणून दक्षिणेकडून वळसा. अंतर सांगणारी ॲपं यातलं काही मनावर घेत नाहीत. ६,७५० भागिले ८५०, सात तास छप्पन्न मिनिटं, जाताना-येताना सारखीच!

आणखी एक. तिकिटावरचा वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो. धावपट्टीकडे रांगत जाणं त्यात आलं, वर उशीर झाकायला थोडी मिनिटं पदरची. म्हणून वैमानिक ‘नऊ तास वीस मिनिटं’ म्हणाला, की दहा तासांची तयारी करून बसलेल्याला लॉटरी लागल्यासारखं होतं.

पोचण्याच्या वेळेशेजारी बारीक ‘+१’ असतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी. तो न बघता कुणाला घ्यायला बोलावलंत, तर तो माणूस चोवीस तास आधी हजर. आणि तोही कुठे? टोकियोचा म्हणवणारा नारिता विमानतळ टोकियोत नाहीच. शेजारच्या चिबा प्रांतात आहे, शहरापासून साठेक किलोमीटर.