बटाटेवाला महापौर: खरा की नाटकी?

विषय काढला मास्तरांनी. म्हणे एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत नाव घ्यावा असा एकच महापौर झाला, डेट्रॉइटचा हेझन पिंग्री. वकील उसळलाच. "महापौर कसला, नौटंकी! स्वतःचा घोडा लिलावात काढणारा माणूस तो."

घोड्याचं खरं आहे. १८९३ च्या मंदीत डेट्रॉइटमध्ये हजारो कामगार बेकार झाले. भाव चढायची वाट बघत मालकांनी शहरात जमिनी पडीक ठेवल्या होत्या. पिंग्री म्हणाला, त्या तात्पुरत्या द्या, नांगरून तुकडे पाडू, बेकारांना कसू दे. बियाणं-अवजारांसाठी चर्चमध्ये वर्गणी मागितली, तर जेमतेम चिल्लर जमली. मग घोडा विकला. १८९४ च्या पहिल्याच हंगामात सुमारे ४३० एकरांवर साडेनऊशेच्या आसपास कुटुंबांनी बटाटे, घेवडा, सलगम पिकवले. आधी टिंगल झाली, मग इतर शहरांनी तीच योजना उचलली.

"म्हणजे जमलं की!" शेठ म्हणाले.

जमलं. पण मला विचाराल तर त्या बटाट्यांनी त्याचं खरं काम झाकून टाकलं. पडीक जमिनीवर बटाटे लावल्याने कोणाच्या खिशाला चाट बसत नाही, म्हणून तेवढंच सगळ्यांना आठवतं. खरं भांडण ट्रामचं होतं. खासगी कंपन्या पाच सेंट घ्यायच्या, हा म्हणायचा तीन घ्या. १८९१ मध्ये ट्रामवाल्यांचा संप पेटला, लोकांनी रूळ उखडले. याने सैन्य बोलवायला साफ नकार दिला. दिव्यांचे कंत्राटदार महाग पडतात म्हणून १८९५ मध्ये शहराचं स्वतःचं वीजघर सुरू करून घेतलं. शाळा मंडळाचे सदस्य लाच खातात हे कळल्यावर थेट त्यांच्या बैठकीत गेला, राजीनामे मागितले, दिले नाहीत तेव्हा तिथल्या तिथे पोलिसांकरवी अटक करवली.

"बघा, नाटक!" वकील.

"अहो, पण लाच खरी होती ना?" मास्तर.

गंमत म्हणजे याला निवडणूक लढवायला लावली ती शहरातल्या बड्या धेंडांनीच. १८४० मध्ये मेन राज्यात जन्म, पोरवयात जोड्यांच्या कारखान्यात काम, यादवी युद्धात उत्तरेकडून लढताना शत्रूच्या हाती सापडून अँडरसनव्हिलच्या कुप्रसिद्ध छावणीत कैद. युद्धानंतर डेट्रॉइटला येऊन भागीदारीत जोड्यांचा मोठा कारखाना उभारला. रिपब्लिकनांना वाटलं, कारखानदार आहे, आपलाच माणूस. १८८९ मध्ये निवडून आणला आणि पस्तावले. बँकेच्या संचालकपदावरूनही त्याला काढलं.

शेठ जरा गप्प झाले. त्यांना हा भाग रुचला नसावा.

वकिलाने मग हुकमाचं पान टाकलं. १८९६ मध्ये पिंग्री मिशिगनचा गव्हर्नर म्हणून निवडून आला, तरी महापौरपद सोडेना. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १८९७ मध्ये निकाल लागला: दोन्ही खुर्च्या चालणार नाहीत. "सुधारक म्हणवता आणि खुर्ची सुटत नाही! आणि पुढे त्यानेच नेमलेले अधिकारी सैनिकांच्या कपड्यांच्या व्यवहारात पैसे खाताना सापडले, त्यांना जाता जाता माफी दिली. ते कुठं बसवता?"

मास्तरांकडे उत्तर नव्हतं. "आपण गेलो तर ट्राम कंपन्या शहर परत खातील ही भीती होती त्याला," असं काहीसं पुटपुटले. खुर्चीच्या बाबतीत मी तेवढ्यापुरता मास्तरांच्या बाजूने. त्याची भीती अगदीच पोकळ नव्हती. माफीचं मात्र समर्थन मला सुचत नाही, आणि ते करूही नये.

१९०१ मध्ये आफ्रिकेत शिकारीला जाऊन परतताना लंडनमध्ये तो वारला. तीन वर्षांत डेट्रॉइटकरांनी ग्रँड सर्कस पार्कमध्ये लोकवर्गणीतून पुतळा बसवला.

"पुतळा ठीक आहे, ट्राम शहराच्या मालकीची कधी झाली?" शेठनी विचारलं.

"१९२२ मध्ये," मास्तर म्हणाले.

"म्हणजे तो मेल्यावर एकवीस वर्षांनी. मग श्रेय त्याचं कसं?"

"मागणी कोणी रुजवली, शेठ?"

यावर वकील पुन्हा घोड्यावर घसरला.